कोरड्या बाटलीला कोरड्यास

मृत्युपत्र लिहून ठेवणार : व्यंकटी भीमा बनसोडे, वय चौसष्ट, धंदा हातपंप दुरुस्ती (आता बंद), धर्म बौद्ध, राहणार मुरुड, तालुका लातूर, जिल्हा लातूर. जिल्हा परवापरवापर्यंत उस्मानाबाद होता. हा कागद ज्याच्याकडून घेतला त्या स्टॅम्पवाल्याकडे नवा शिक्का अजून आलेला नाही, म्हणून वर उस्मानाबादचाच मारला आहे. मृत्युपत्राला स्टॅम्प लागतच नाही, साधा कागद चालतो, हे वकिलांनी मला कागद घेऊन झाल्यावर सांगितले.

मी आज शुद्धीवर आहे. डोके ठिकाणावर आहे, छाती नाही. लातूरला छातीचा फोटो काढला. डॉक्टर फोटोकडे बराच वेळ बघून म्हणाले, "घरी कोण कोण असतं?" त्यावरून मला काय ते समजले. हे मी कोणाच्या दाबाने लिहीत नाही. माझी बायको सरजाबाई शेजारी शेंगा फोडत बसली आहे आणि मधूनमधून "ते बी लिवा" म्हणत आहे. त्याला दाब म्हणता येणार नाही, तिची ती रीतच आहे. माझे शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दू चौथी झाले, मराठी मी पुढे दीक्षा घेतल्यावर शिकलो. तेव्हा काना-मात्रा चुकला तर सांभाळून घ्यावे. मजकूर चुकलेला नाही.

माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था खाली लिहिल्याप्रमाणे करावी. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वेळ आली नव्हती.

कलम १. घर. मुरुडच्या बौद्धवाड्यातले दोन खणांचे पत्र्याचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. चतुःसीमा : पूर्वेस हातपंप, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस शेषेरावाच्या रानाचा बांध, पश्चिमेस आप्पासाहेबांच्या गोठ्याची भिंत. ही भिंत वीतभर माझ्या हद्दीत आलेली आहे आणि आलेली नाही असे आप्पासाहेबांचे म्हणणे आहे. घर सरजाबाईच्या हयातीत तिचे, तिच्या पश्चात आमची मुलगी पंचशीला हिचे. सरजाबाईला घराबाहेर कोणी काढू नये. तिला काढू शकेल असा माणूस मला तालुक्यात तरी माहीत नाही, पण वकील म्हणाले लिहा, म्हणून लिहिले.

कलम २. जमीन. नाही. होती तेवढी बहात्तरच्या दुष्काळी कामात पाझर तलावाखाली गेली. आता तलावात पाणी नाही आणि माझ्याकडे जमीन नाही. तळात गुरे चरतात. त्यांना कोणी हाकलू नये.

कलम ३. पोस्टातली शिल्लक पंचशीलेला द्यावी. ती भोकरच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. "मला नको आबा, तुमच्या औषधाला ठेवा," असे ती म्हणते. म्हणूनच तिला देतो. पुतण्यांनी कान टवकारू नयेत.

कलम ४. हत्यारे. सगळे पाने, आणि साखळीचा मोठा पाना, जो वाल्टरसाहेबांनी जाताना मला दिला (ते कोण, हे कलम सातमध्ये येईल), हे सरजाबाईकडे राहावे. पंपाचा वायसर ती माझ्याहून लवकर बदलते. पंचायत समितीचा माणूस पाना मागायला येईल. त्याला चहा द्यावा, पाना देऊ नये.

कलम ५. माझी बांबूची शिडी आप्पासाहेबांना देतो. आप्पासाहेब म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन. शिडी गेली कित्येक वर्षे त्यांच्याच गोठ्यात आहे, तेव्हा नेण्याची तसदी पडणार नाही.

या कलमाला कारण आहे. ऑगस्टात नवा जिल्हा झाला तेव्हा आप्पासाहेब इस्त्रीच्या कपड्यात माझ्या दारात आले. एरवी शिडीलाही माणूस पाठवतात.

"व्यंकटी, मोठमोठे पाव्हणे येऊन राहिले. तुझ्याकडं ती जर्मनची बाटली हाय म्हणं. टेबलावर शोभंल."

मी म्हणालो, "साहेब, ती कोरडी हाय."

"कोरडी? मग रिकामी ठिवून काय करून राहिला?"

 बाटली कोरडी आहे हे खरे आहे, ती कशी कोरडी आहे हे पुढे येईल. पण आमच्या भागात विहीर कोरडी म्हणजे रिकामी, हौद कोरडा म्हणजे रिकामा, त्यामुळे त्यांचा तसा समज झाला. तो मी होऊ दिला. शिडी परत न करणाऱ्याला एवढे उत्तर पुष्कळ झाले.

कलम ६. लोखंडी खलबत्ता. सरजाबाईचे हात थकले की तो शिवकन्याबाईला द्यावा. शिवकन्याबाई म्हणजे शेषेरावाची मंडळी. तिलाच का, ते तिला माहीत आहे आणि सरजाबाईला माहीत आहे. शेषेरावाने विचारू नये.

कलम ७. बाटली.

वर्णन : काच हिरवी, आत लाल वाइन, मुलूख जर्मनी, जात कोरडी. बूच शाबूत. ठेवण्याची जागा ज्वारीची कणगी. यंदा परतीच्या पावसानेही तोंड फिरवले, कणगीचा तळ लागत आला, त्यामुळे बाटली आता वरून दिसते. बाटलीचा सरकारी परवाना माझ्याकडे नाही. पण ती आजवर कोणी प्यायलेले नाही, तेव्हा गुन्हा झाला की व्हायचा आहे, हे वकिलांनाही सांगता आले नाही.

ही बाटली माझ्या एकट्याची नाही. ती माझी आणि शेषेरावाची आहे. शेषेराव ग्यानबा पवार, धंदा शेती, माझा शेजारी. त्याचे रान आणि माझे घर यांच्यामध्ये एक बांध आहे. आणखी काय आहे ते आता लिहितो.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडे बोअरची गाडी आली. गाडीबरोबर एक जर्मन आला. त्याचे नाव वाल्टर. पाणी शोधायला आलेला माणूस म्हणून गावाने त्याला वॉटरसाहेब केले, आणि आपले नाव या लोकांना म्हणता येत नाही असे तो बिचारा शेवटपर्यंत समजत राहिला. मी त्या गाडीवर लोखंडी रॉड जोडायच्या कामाला होतो. पहिली बोअर कोरडी गेली. दुसरीतून नुसता फुफाटा आला. पुढची कुठे घ्यायची, तर जो तो म्हणे, "माझ्या रानात नको, खड्डा पडंल." तेव्हा शेषेरावाने आपल्या रानाचा कोपरा दिला, तोही बौद्धवाड्याला लागून असलेला. त्याची आई साखराबाई त्यावर त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. त्याने दिला, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे त्याच्याविषयी वाईट लिहायचे आहे.

पाणी लागले. गाडीच्या वरपर्यंत उडाले. तोवर शेषेराव मला व्यंकट्या म्हणत असे. त्या दिवशी भिजलेल्या अंगाने ओरडला, "व्यंकटराव, लागलं हो, लागलं!" ते राव त्याने पुन्हा कधी काढून घेतले नाही.

त्याच दिवशी दुपारी वाल्टरसाहेब आमच्या घरी जेवायला बसले. स्वतःहून आले, दोन्ही हातांत दोन बाटल्या. त्यांच्या गावाकडे नदीच्या उतारावर बापाचा द्राक्षमळा आहे, तिथली ही वाइन. सोबत उदगीरकडचे शंकरप्पा नावाचे ओव्हरसिअर होते. साहेबाचे इंग्रजी ते मराठीत करत, आमचे मराठी इंग्रजीत करत, आणि अडले की कानडीत स्वतःशी बोलत. शेषेरावाने घरची कोंबडी पाठवली होती. कोंबडीमागून तो स्वतः आला आणि ओट्यावर बसला.

बाटलीवरच्या चिठ्ठीवर एक शब्द होता. साहेबाने बोट ठेवून वाचला, ट्रोकन. शंकरप्पा म्हणाले, "ट्रोकन म्हणजे ड्राय. ड्राय म्हणजे कोरडी."

ओट्यावरून शेषेराव म्हणाला, "पातळ वस्तू कोरडी कशी असंल? आड कोरडा, विहीर कोरडी, आता दारू बी कोरडी. लईच दुष्काळ हाय की राव त्यांच्याकडं!"

त्यावर सरजाबाई चुलीपासून म्हणाली, "कोरडी हाय तर तिला कोरड्यास लागंल की. बिगर कोरड्यासाची घशाखाली कशी उतरंल? इचारा त्यास्नी, कोणतं करू."

हे वाचणारा कोणी पुण्या-मुंबईचा असेल तर त्याच्यासाठी लिहितो. भाकरी कोरडी असते, नुसती उतरत नाही. ती उतरावी म्हणून आमटी, कालवण, पातळ भाजी, जे काही करतात, त्याला आमच्याकडे कोरड्यास म्हणतात. शंकरप्पांना हे इंग्रजीत घालायला घाम फुटला. पण घातले. साहेब ऐकून पाटावरून उठले आणि सरजाबाईला हात जोडून उभे राहिले. सगळे घाबरले, काय चुकले म्हणून. मग शंकरप्पांनी सांगितले, साहेब म्हणतात की बाई बोलली तेच खरे आहे. या वाइनमधली साखर सगळी आंबून संपलेली असते, गोडी उरत नाही, म्हणून हिला कोरडी म्हणतात. गोड असते ती नुसती पितात. ही नुसती प्यायची नसते, हिला जेवण लागते. त्यांची आईही असेच म्हणते.

सरजाबाई म्हणाली, "आईला काय कळत न्हाई व्हय?" आणि जे होते ते वाढायला घेतले.

मग साहेबाने एकेक घास आणि एकेक घोट घेऊन निकाल दिला. तो मी लिहून ठेवतो, कारण कलमाच्या शर्ती त्यावर आहेत. हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर वाइन घेऊ नये, दोघांचे भांडण लागते आणि भोगावे जिभेला लागते. सुकटाबरोबर तर अजिबात नको, लोखंड चाटल्यासारखे होते. मी लोखंडाच्या कामातला, मी विचारले, "कोणतं लोखंड?" तर साहेब म्हणाले, "गंजकं." अंबाडीची भाजी आंबट, तिच्यापुढे वाइन पाण्यासारखी लागते. शेंगदाण्याची चटणी चालते, पण बेताने. भाजलेला कांदा फार चांगला. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, जी आम्हाला त्या वर्षी सरकारने खायला घातली आणि जी गुरांनी हुंगून सोडून दिली असती, ती साहेबाला आवडली.  आणि सगळ्यांत वर येसरच्या आमटीतली कोंबडी. येसर म्हणजे धान्ये आणि मसाला खरपूस भाजून कुटलेले पीठ, लग्नाच्या पंगतीला आमच्याकडे त्याचीच आमटी असते. सरजाबाईच्या हातचे येसर सगळ्या वाड्यात नावाजलेले. तो घास घेऊन, वर घोट घेऊन साहेबाने डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. सरजाबाई म्हणाली, "बगा, ठसका लागला का काय." लागला नव्हता.

मी प्यायलो नाही. छप्पन साली नागपूरला जाऊन आलो तेव्हापासून पाचवे शील पाळतो, मद्याला शिवत नाही. त्याआधी शिंदी प्यायचो आणि ती कशी लागते ते अजून आठवते, पण ते इथे लिहिण्याचे कारण नाही. मुलीचे नाव पंचशीला ठेवले आहे. बापाने त्यातले एक शील मोडले तर तिला हाक काय म्हणून मारायची?

साहेबाने शेषेरावाला आत बोलावले. "या, दोन घास घ्या, मग पेला घ्या." शेषेराव दारूला ना म्हणणाऱ्यातला नाही, त्याची नजर पेल्यावरच होती. पण तो म्हणाला, "मी आत्ताच जेवून आलो."

कोंबडी त्याची होती. शिजली माझ्या चुलीवर, म्हणून तो जेवून आलेला होता.

साहेबाला काय समजले आणि काय नाही, कोणास ठाऊक. एक बाटली त्यांनी एकट्याने संपवली. आम्ही दोघे दोन बाजूंनी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. दुसरी त्यांनी उंबऱ्यावर ठेवली, ना आत ना बाहेर, आणि म्हणाले, "ही दोघांची. दोघं एका ठिकाणी जेवायला बसाल तेव्हा फोडा." मग पावसाळा आला, गाडी दुसऱ्या जिल्ह्यात गेली, साहेब गेले. बाटली आत आणून मी कणगीत ठेवली.

आता वाईट ते लिहितो. मला दारू प्यायची नाही, शेषेरावाला माझ्या घरी जेवायचे नाही, आणि ही वाइन जेवणाशिवाय प्यायची नाही. म्हणून ती तशीच राहिली. शेषेराव रोज येतो. माझ्या पंपाचे, म्हणजे त्याच्या रानातल्या पंपाचे पाणी पितो. पंपाची दांडी एका बाजूने मी दाबतो, एका बाजूने तो दाबतो. माझ्या विडीवर विडी पेटवतो. मी आजारी पडलो तेव्हा बैलगाडी जुंपून यानेच मला एस.टी.पर्यंत नेले. पण सरजाबाईने "भाऊजी, भाकरी खाता का" म्हटले की उत्तर ठरलेले, "आत्ताच जेवून आलो, वैनी." हा माणूस माझ्या दारात आजवर एकदाही उपाशी आलेला नाही. बहात्तर साली सगळा तालुका उपाशी होता, शेषेराव एकटा जेवून आलेला असायचा.

मी त्याला तोंडावर कधी विचारले नाही. आई आहे, म्हातारी आहे, तिच्या जिवाला लागेल, असे मी माझ्या मनाशी धरले. साखराबाई यंदा श्रावणात गेल्या. मी खांदा द्यायला पुढे झालो, शेषेरावाने मला पुढचा खांदा दिला, कोणाकडे बघितले नाही. मला वाटले, आता झाले. दिवस उरकल्यावर तो आला, ओट्यावर बसला. सरजाबाईने मुद्दाम विचारले. तो म्हणाला, "आत्ताच जेवून आलो." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हा.

त्या दिवसापासून मला झोप नीट नाही. छातीचे दुखणे त्यानंतर सुरू झाले असे सरजाबाई म्हणते, डॉक्टर विडीमुळे म्हणतात. मला इतकेच कळायला हवे आहे की ते आईमुळे होते, की त्याच्या स्वतःच्या मनात होते. आईमुळे असेल तर तो माझा मित्र आहे. मनात असेल तर मग इतकी वर्षे मी कोणाबरोबर विड्या ओढल्या? हे कळल्याशिवाय मरायला मला जड जाईल, आणि मरायचे तर आहे. सबब या बाटलीची व्यवस्था अशी :

(अ) माझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर सरजाबाईने येसरच्या आमटीत कोंबडी करावी. सुकट आणि ठेचा करू नये, कारण वर दिले आहे.

(आ) शेषेरावाने आत, चुलीपुढे, माझ्या पाटावर बसून पोटभर जेवावे. ओट्यावर ताट नेऊ नये. मग बाटली त्याची. माझा हक्क मी सोडतो.

(इ) तो "आत्ताच जेवून आलो" म्हणाला, तर बाटली त्याच्यादेखत पंपाच्या बुडाशी ओतावी. ज्या पाण्यापायी आली त्या पाण्यात जाईल.

(ई) माझ्या मातीला तो येईलच, आल्याशिवाय राहणार नाही. त्या दिवशी तरी त्याने ते वाक्य म्हणू नये. मयताला कोणी जेवून येत नाही.

कलम ८. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करावा. भाषणे नकोत. आप्पासाहेब बोलायला उभे राहिले तर त्यांना शिडीबद्दल विचारावे.

कलम ९. साक्षीदार. एक, वीरण्णा, किराणा दुकानदार. दुसरा मला शेषेरावच हवा. माझ्या आयुष्याचा साक्षीदार तोच आहे, कागदाचा दुसरा कुठून आणू? पण वकील म्हणाले, ज्याला कागदात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे तकरार निघते. एक तर बाटली, एक तर सही. मी म्हणालो, त्याला येऊ द्या, तो काय ते ठरवील.

सही करण्यापूर्वीची भर. हीच तारीख, दुपार.

वरील मजकूर पुरा झाल्यावर दोन्ही साक्षीदारांना बोलावले. पंचशीला रजेवर आलेली आहे, तिनेच जाऊन आणले. शेषेराव ओट्यावर बसला. सोसायटीच्या एका कागदावर न वाचता सही करून फसल्यापासून तो वाचल्याशिवाय अंगठ्याजवळही शाई आणू देत नाही. त्याने चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला घेतले. शिडीला हसला. कलम सातवर आल्यावर हसायचा थांबला. ते कलम त्याने वाचले, पान उलटून मागे गेला, पुन्हा वाचले. वीरण्णा खोकले. मी पंपाकडे बघत बसलो.

मग त्याने चष्मा काढून खिशात ठेवला, उठला, चपला ओट्याखाली काढल्या आणि दारातून आत तोंड घालून म्हणाला,

"वैनी, मी जेवलो न्हाई."

सरजाबाईच्या हातातले सूप खाली पडले. शेंगा सगळ्या घरभर झाल्या. ती म्हणाली, "कोंबडी न्हाई हो भाऊजी आज. नुसती आमटी हाय, येसरची."

"असू द्या."

तो आत गेला. माझ्या पाटावर बसला. मी समोर बसलो. सरजाबाईने भाकरी वाढली. शेषेरावाने भाकरी मोडली, आमटीत भिजवली, घास घेतला आणि थांबला.  तो म्हणाला, "ही तर आमच्या घरची चव हाय."

"तुमच्या घरची कुठली?" सरजाबाई म्हणाली. "शिवकन्या माझ्याकडून येसर नेती, मागल्या दारानं. बोअर लागली तवापासून. तुम्ही माझ्याच हातचं खाऊन राहिलाव भाऊजी, ठावं नव्हतं एवढंच."

शेषेरावाने हातातल्या घासाकडे बघितले. मग म्हणाला, "म्हंजी मी खरंच जेवूनच येत होतो की." पंचशीला हसली. तो हसला नाही. त्याचे डोळे भरले होते आणि माझेही, हे मी शुद्धीवर असताना लिहितो.

मी विचारायचे ते विचारले. "आईमुळं होतं का मनात होतं?"

तो म्हणाला, "आई होती तवर आईचं होतं. आई गेली तवा बगितलं, तर माझंच होतं. लाज वाटली. लाजंपायी आणखी चार महिनं घालिवलं."

या उत्तराने माझे पुरते समाधान झालेले नाही. तसे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "व्हायचं बी न्हाई," आणि दुसरी भाकरी मागितली.

नंतर बाटली काढली. बूच निघेना, मोडले, शेवटी पान्याच्या दांड्याने आत ढकलले. शेषेरावाने पेल्यात ओतून घोट घेतला. त्याचे तोंड असे झाले की वीरण्णा ओट्यावरून उठून बघायला आले.

"वैनी, ही तर निव्वळ चिंच हाय!"

पंचशीलेने वास घेतला आणि म्हणाली, "आबा, हा आंबून शिरका झालाय. मद्य उरलंच नाही ह्यात." मी विचारले, मग पाचव्या शिलाचे काय? ती म्हणाली, "लोणच्याला कुठं शील आड येतं?" ती नर्स आहे आणि तिचे नावच पंचशीला आहे, तेव्हा या बाबतीत तिचा शब्द मी अखेरचा मानतो.

सरजाबाईने पेला उचलला, आमटीचे पातेले पुन्हा चुलीवर ठेवले आणि पेला त्यात रिकामा केला. "तरी म्हणत होते, आज चिंच कमी पडली." एक उकळी आल्यावर तिने ती आमटी आम्हा दोघांना वाढली. कोरड्या बाटलीला कोरड्यास लागते, असे ती त्या वेळी म्हणाली होती. आज बाटलीचेच कोरड्यास झाले. चव कशी होती, तर वाल्टरसाहेबाने डोळे का मिटले होते ते मला कळले नाही. पण आमटी पातेल्यात उरली नाही. बाटलीत राहिलेल्या शिरक्यात सरजाबाई कांदा घालणार आहे.

सबब कलम ७ रद्द. वस्तू शिल्लक नाही.

कलम ७ रद्द झाल्यामुळे शेषेराव ग्यानबा पवार यांना या कागदाने काहीही मिळत नाही, म्हणून ते साक्षीदार होण्यास पात्र आहेत. खलबत्ता शिवकन्याबाईला मिळतो, त्यात यांचा संबंध नाही.

वीरण्णा जेवले नाहीत. त्यांचा आज सोमवारचा उपवास आहे. मी कॅलेंडरात पाहिले, आज खरोखर सोमवार आहे.

वरील सर्व मी वाचून, समजून, आणि जेवून सही करत आहे.

ठिकाण : मुरुड, तालुका लातूर, जिल्हा लातूर (शिक्का उस्मानाबाद)
तारीख : १३ डिसेंबर १९८२

लिहून ठेवणार : सही, व्यंकटी भीमा बनसोडे

साक्षीदार १ : सही, वीरण्णा, किराणा दुकान, मुरुड. उपाशीपोटी, समक्ष.

साक्षीदार २ : सही, शेषेराव ग्यानबा पवार, शेती, मुरुड. व्यंकटरावांनी माझ्यासमक्ष सही केली. मी आत्ताच जेवलो. इथंच.